एकरी किती बियाणं?

लग्नाला तीन महिने झाले होते आणि मी हवेत होतो. दादरच्या ऑफिसात एक्सेलच्या शीट भरता भरता मी मोठ्यानं गाणं म्हणायचो, आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडम खुर्ची जरा लांब सरकवून घ्यायच्या. लालबागच्या आमच्या चाळीचा जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचो. चौतिसाव्या वर्षी, आईनं आशा सोडून दिल्यावर, माझं लग्न झालं होतं, आणि तेही माझ्याहून कितीतरी हुशार मुलीशी. ती आईसमोर मला 'अहो' म्हणायची आणि आई बाजारात गेली की 'अरे'. आईनं रोज बाजारात जावं असं मला वाटायला लागलं होतं. अशा अवस्थेतल्या माणसाला कुणी काहीही करायला लावलं तरी तो करतो. मला सोयाबीन मोजावं लागलं.

बायको लातूरकडच्या एका खेड्यातली. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजते. मोजणं तिच्या अंगातच आहे. माझा सगळा कारभार अंदाजपंचे. मी भाजीवाल्याला 'दे पाव किलोच्या आसपास' म्हणतो आणि ती मागून काट्याकडे बघत असते. तरी आमचं छान चाललं होतं.

मे महिन्यात तिचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. लेकीच्या सासरी राहायचं म्हणून ते अगदी संकोचून गेले होते. एका डोळ्याला पट्टी, मांडीवर टोपी, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं असे. खुर्चीखाली घरच्या सोयाबीनची एक पिशवी होती. पेरायचं बी होतं ते. कशाला आणलं विचारलं तर म्हणाले, "असू द्या घरात."

तिसऱ्या दिवशी चहा पिताना बाप-लेकीचं जुनं भांडण वर आलं.

"अण्णा, औंदा तरी हात आखडा," बायको म्हणाली. "किती दाट पेरता तुम्ही! झाडं नुसती उंच पळतात, वारा सुटला की आडवी होतात, आणि शेंगा काय त्या शेंड्याला."

अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि माझ्याकडे वळले. "पाव्हणं, हिला सांगा. टाकलेलं सगळं बी उगवत नसतंय. काय किडं खात्यात, काय पाखरं, काय कुजून जातंय. पातळ पेरलं आन उगवलं न्हाई तर मोकळ्या रानात बसून काय बघायचं?"

उत्तर तिला होतं, पण ते आलं माझ्याकडे. ही त्यांची पद्धतच होती. लग्नाआधी तिला उत्तर तिच्या आईमार्फत मिळायचं, आता माझ्यामार्फत मिळायला लागलं होतं. आठवीत असल्यापासून ती बियाण्याबद्दल बोलत होती आणि आठवीपासून घरातले सगळे त्यावर कौतुकानं हसत होते. कौतुकानं हसणं किती वाईट असतं ते तिनं मला लग्नानंतर समजावून सांगितलं होतं.

आता मला सोयाबीनमधलं काय कळत होतं? माझ्या लेखी सोयाबीन म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या वड्या, ज्या भिजवून पिळल्या की मटणासारख्या लागतात असं ज्यांना मटण परवडत नाही ते म्हणतात. पण बायकोकडे पाहिलं आणि माझ्या अंगात आलं. मी म्हणालो, "असं करा ना, एक एकर तिच्यावर सोपवा. ती दाखवेल करून!"

अण्णांनी त्यांच्या एका मोकळ्या डोळ्यानं मला नीट पाहून घेतलं.

"चालंल," ते म्हणाले. "ओढ्याकडचं एक एकर. एकरी किती बी टाकायचं ते तुमी दोघं ठरवा. तिथलं पीक माझ्या रानाच्या बरुबरीनं आलं, तर पुढच्या सालची सगळी पेरणी हिच्या शब्दावर. न्हाई आलं, तर हिनं पुन्हा पेरणीत तोंड घालायचं न्हाई. कायमचं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बायको मात्र पांढरीफटक पडली. संध्याकाळी गॅलरीत तिनं मला कोपऱ्यात गाठलं.

"अरे, तू काय करून बसलास कळतंय का तुला? आत्तापर्यंत निदान बोलायला तरी मिळत होतं. हरले तर माहेरी गेल्यावर चहा करायचा आणि गप्प बसायचं."

"आणि जिंकलो तर?"

"तर ते मला विचारतील. तुला नाही, मला. मला तेवढंच हवंय रे." हे म्हणताना तिचा आवाज बारीक झाला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की हा खेळ नाही.

अण्णा पट्टी निघाल्यावर गावी गेले. बियाण्याची पिशवी ठेवून गेले. जाताना मला बजावलं, "मिरग निघायच्या आत आकडा कळवा, पाव्हणं."

किती बी टाकायचं हे ठरवण्याआधी त्यातलं किती उगवतं ते बघावं लागतं. बायकोनं मला शिकवलं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचं, किती रुजले. जितके जास्त रुजतील तितकं बी कमी लागणार. तिला त्या आठवड्यात डबल ड्युटी होती, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी इतका खूश झालो की शंभर दाणे चार वेळा मोजले, आणि चारही वेळा वेगळे आले.

गोणपाट आणायला मी मसाल्याच्या गल्लीत गेलो. लालबागमध्ये गोणपाट म्हटलं की मिरचीचंच मिळणार. ते मी गॅलरीत झटकलं आणि अख्खा दुसरा मजला शिंकायला लागला. ते धुतलं, वाळवलं, आणि मग मी माझ्या अकलेनं एक पायरी वाढवली. आमच्या घरात कुठल्याही कडधान्याला मोड आणायचे तर आधी ते रात्रभर पाण्यात भिजत घालतात. मूग असो, मटकी असो, वाल असोत. हे कुणी मला शिकवलेलं नव्हतं, तसं दात घासायलाही कुणी शिकवल्याचं आठवत नाही. मी सोयाबीन टोपात भिजत घातलं आणि समाधानानं झोपलो.

सहाव्या दिवशी गुंडाळी उघडली तेव्हा जो वास सुटला तो मी इथे लिहीत नाही. दाण्यांच्या साली सुटून आल्या होत्या, निम्म्याहून जास्त दाणे बोटाखाली पचपचत होते. बायकोनं एकेक दाणा वेगळा करून मोजला. शंभरात अडतीस.

ती खाली बसली. "अण्णांचं बीच खराब आहे," ती म्हणाली. "स्वतः निवडून, स्वतः राखून ठेवलेलं बी. त्यांना सांगू कसं मी? आणि अडतीसच उगवणार असेल तर त्यांच्यापेक्षाही जास्त टाकावं लागेल. मग मी भांडत होते कशासाठी?"

"मिरची!" मी ओरडलो. "गोणपाटाला मिरची होती. मिरचीनं मारलं बी."

आमच्या समोरच्या खोलीत एक काका राहतात. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून त्यांनी निम्मं आयुष्य काढलं. गिरणी गेली तरी कान अजून मोठ्या आवाजाचेच आहेत, तरी आमच्या घरातलं सगळं त्यांना कळतं. त्यांना खरंच ऐकू येतं की आम्हीच ओरडून बोलतो, हे ठरलेलं नाही. ते आले, वाकले, वास घेतला.

"मिरची नाही रे ही. हे पाण्यात राहून कुजलंय."

"कुजतला नाय तर काय," आई आतून म्हणाली. "ह्यानाच रात्री टोपात भिजत घातल्यान."

बायकोनं सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "भिजवलंस?"

"कडधान्य आहे ना..."

"अरे, सोयाबीनची साल पातळ असते! रात्रभर पाण्यात ठेवलं की फुगून फुटतं ते. आमच्याकडे त्याची पोतीसुद्धा आपटत नाहीत!" आईसमोर तिनं मला 'अरे' म्हटलं होतं, हे आम्हा तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. आईनं आत भांडी आवरायला घेतली. मग बायकोला हसू फुटलं. ती गॅलरीच्या फरशीवर बसून पोट धरून हसली, कारण अण्णांचं बी खराब नव्हतं, नवरा खराब होता. मी तर तिच्याही वर हसलो. असा अपमान रोज झाला तरी चालेल असं मला वाटलं.

पुन्हा सुरुवात. या वेळी शंभर दाणे तिनं मोजले. मिरचीचं गोणपाट फेकून दिलं आणि आईच्या जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेतला. तो ओला करून, दाणे मांडून, गुंडाळी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. मला तिच्या जवळ जायलाही बंदी होती. आई तेव्हा शीवला मावशीकडे गेली होती, चार दिवसांसाठी. इथेच घोटाळा झाला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही मोजणार होतो. अण्णांचा सकाळीच फोन येऊन गेला होता: पाऊस चांगला झालाय, परवा ट्रॅक्टर मिळतोय, आज रात्रीपर्यंत आकडा पाहिजे, पाव्हणं. मी ऑफिसातून लवकर पळालो. जिना चढताना भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मालवणी मसाल्याचा असा काही वास आला की माझी भूक खवळली. आई परत आली होती.

"काय केलंस गो?" मी लाडात विचारलं.

"उसळ," आई म्हणाली. "फळीवर फडक्यात बांधून ठेवलात, मोड हातभर लांब गेले. आजून एक दिस ऱ्हवता तर घरात झाडा इली असती. तुमका दोघांका कामाच्या नादात काय दिसता? मी इलंय तशी पयली उसळ केलंय."

मी दारातच बसकण मारली. आईचं काही चुकलं नव्हतं. गिरणगावातल्या कुठल्याही आईनं ओल्या सुती फडक्यात मोड आलेलं धान्य पाहिलं असतं तर दुसरं काय केलं असतं?

इतक्यात बायको आली. चपला काढता काढता तिनं वास घेतला, फळीकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "त्या फडक्यातलं..."

"जेवूक बसा, गरम आसा," आई म्हणाली.

नवीन चाचणीला आणखी पाच दिवस लागणार होते आणि आमच्याकडे एक संध्याकाळ होती. मी म्हटलं, मोजू. उसळ मोजू. मी परात घेतली आणि रस्सा बाजूला करून दाणे एकेक मांडायला लागलो. दहा-दहाच्या ओळी, मसाल्यात माखलेल्या. ओळी भरेनात. आईनं चव बघायला चमचाभर खाल्ली होती, आणि एक वाटी समोरच्या काकांकडे पोचती केली होती. मी धावत गेलो. काका वाटी चाटूनपुसून बसले होते.

"काका, किती दाणे खाल्लेत?"

"मोजून कोण खातं रे? छान झाली होती. जरा दाताला कडक."

मी त्यांना जवळजवळ ओढतच घरी आणलं. आम्ही चौघं परातीभोवती बसलो. काका आठवायचा प्रामाणिक प्रयत्न करत होते, "वीसेक असतील, पंचवीस असतील." बायकोचे डोळे भरत आले होते आणि मला मात्र हसू आवरत नव्हतं, मी हाताचा चावा घेऊन ते दाबत होतो.

"पण मेल्यांनो, मोजूक कित्याक होया तुमका?" आई शेवटी कावली.

बायकोनं सांगितलं. शंभर दाण्यांतले किती रुजले नाहीत ते कळायला हवं होतं. त्यावर तिची शेती ठरणार होती.

"मगे तसा विचारा ना," आई म्हणाली. "गणंग काढल्याशिवाय कोण उसळ करता काय?"

ज्यांनी उसळ केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कडधान्यात काही दाणे असे निघतात की त्यांना मोड येत नाहीत आणि ते शिजतही नाहीत, दाताखाली खड्यासारखे येतात. ते गणंग. आमची आई डोळे मिटूनही ते वेचून काढेल. तिनं ते वेचले होते, आणि कुठलीच वस्तू टाकून द्यायची नाही म्हणून वाटीत घालून वरच्या फळीवर ठेवले होते. तिनं ती वाटी काढून बायकोच्या हातात दिली.

बायकोनं ते तीन वेळा मोजले. सतरा. म्हणजे त्र्याऐंशी रुजले होते. तिनं वाटी खाली ठेवली आणि आईला कडकडून मिठी मारली. आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नाही. आई दोन्ही हात वर धरून "सोड गो, हात खरकटे आसत" म्हणत तशीच उभी राहिली, पण मागे सरली नाही.

आता आकडा. मी आनंदानं पार सुटलो होतो. मी म्हणालो, अण्णा चाळीसला टेकतात ना, आपण एकरी अठरा किलो टाकू! एवढं चांगलं बी आहे, दाखवू त्यांना! बायको म्हणाली, नाही. मी म्हणालो, घाबरतेस काय? ती चिडली. मीही चिडलो, कारण मला पटकन राग येतो आणि तो पूर्णपणे चुकीच्या वेळी येतो. शेवटी तिनं खडू घेतला आणि गॅलरीत गेली. फरशीवर दीड-दीड फुटांवर रेघा ओढल्या. त्या झाल्या पिकाच्या ओळी. मग पिशवीतलं बी घेऊन एका ओळीत दोन-दोन इंचांवर दाणे मांडले, दुसऱ्या ओळीत अण्णांसारखे दाट, आणि तिसरीत माझ्या अठरा किलोसारखे लांब लांब. चाळीतली माणसं घरी परतायची वेळ होती. ज्याला त्याला आमच्या शेतातून पाय उचलून उचलून जावं लागत होतं, आणि कुणीही विचारलं नाही हे काय आहे. तीन महिन्यांत त्यांना आमची सवय झाली होती.

काका गुडघ्यावर हात ठेवून तिन्ही ओळी बघत राहिले.

"हे आमच्या ताण्याच्या धाग्यांसारखंच की," ते म्हणाले. "साच्यावर फणी असते, तिच्या एकेका घरातून दोन-दोन धागे ओवायचे. लोभ करून तिसरा कोंबला की तिघंही एकमेकांना घासतात आणि तुटतात. पण एकच ओवलास, तर कापडाची मच्छरदाणी होते." त्यांनी माझ्या ओळीवर पाय ठेवला. "ही मच्छरदाणी."

"मोकळ्या जागेत तण माजतं," बायको म्हणाली. "तेच सांगतेय मी कधीपासून. गर्दी नको, पण रान झाकलं पाहिजे."

मी हरलो. हरण्यातही इतकी मजा असते हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं कागदावर हिशोब मांडला, पुन्हा मांडला, आणि पंचवीस किलोवर बोट ठेवलं.

फोन वाजला. "पाव्हणं, किती ठरलं?"

मी फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "अण्णा, पंचवीस." मग मला स्पष्ट ऐकू आलं, "पाव्हण्यांकडं दे."

तिनं फोन दिला. तिचा चेहरा मला बघवला नाही.

"पाव्हणं, पंचवीस म्हनती ही. तुमचं काय?"

"जे तिचं तेच माझं," मी म्हणालो.

"बरं. पेरतो."

पंधरा-वीस दिवसांनी अण्णांनी व्हिडिओ कॉल लावला. पहिली पाच मिनिटं आम्हाला त्यांचा कान आणि आभाळ दिसलं. मग कुणीतरी फोन फिरवून दिला आणि आमचं एक एकर समोर आलं. हिरव्या बारीक रेघा, मध्ये काळी माती. मला ते ताजमहालाहून सुंदर वाटलं. अण्णा म्हणाले, "लई मोकळं दिसतंय, पाव्हणं." त्या दिवशी बायकोनं डबा तसाच परत आणला. मी स्क्रीनशॉट काढून झाडं मोजत बसलो. रस्त्याच्या बाजूच्या पट्ट्यात ती जास्त दाट दिसत होती. मी तिला दाखवलं, तर ती म्हणाली, "फोन हलला असेल."

ते चार महिने मी वेड्यासारखे काढले. मला सगळीकडे ओळी दिसायला लागल्या. दादरच्या फुलबाजारात मी माणसांमधली अंतरं मोजत उभा राहायचो आणि हमाल मला ढकलून पुढे जायचे. गणपतीत आमच्या गॅलरीखालून दर्शनाची रांग जाते, ती बघता बघता बायको म्हणाली, "बघ, एवढ्या गर्दीत शेंगा कुठून लागणार?" आणि मग फोनकडे बघत राहिली. गावाकडे वादळी पाऊस होऊन गेल्याचं बातम्यांत आलं होतं आणि अण्णांचा फोन नव्हता. आपण करायचाही नाही असं तिनं ठरवलं होतं. मीही केला नाही, पण फार जड गेलं.

शेवटी ऑक्टोबरात फोन आला. "काढलं, पाव्हणं. येतो," एवढंच.

पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसणाला जावयानं सासुरवाडीला जायचं. पण तिला लॅबमधून रजा मिळाली नाही, तेव्हा सासरेच दिवाळसण घेऊन लालबागला आले. मला शर्टाचं कापड, आईला साडी, आणि काखेत वर्तमानपत्रात बांधलेला लांबडा जुडगा. चहासुद्धा न घेता ते गॅलरीत उकिडवे बसले आणि जुडगा सोडला. आत सोयाबीनची वाळलेली दोन झाडं होती.

एक बुटकं, जाड बुंध्याचं, फांद्या फुटलेलं, जमिनीपासून शेंड्यापर्यंत शेंगांनी लगडलेलं. दुसरं उंच, काटकुळं, शेंड्याला पाच-सहा शेंगा.

"तुझ्या एकरात माझ्या रानापेक्षा एक पोतं जास्त आलं," अण्णा झाडांकडे बघत म्हणाले.

मी उडालो. खरोखरच उडालो, काकांच्या दारावर आपटलो, ते बाहेर आले. आई देवाजवळ साखर ठेवायला धावली. बायको मात्र हलली नव्हती. तिनं ते काटकुळं झाड उचललं होतं.

"हे तुमच्या रानातलं ना?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "तेबी तुझ्याच एकरातलं. रस्त्याकडच्या पट्ट्यात मी जास्तीचं बी टाकलं हुतं. कुनाला न सांगता."

मी उड्या मारायचा थांबलो.

"का?" तिनं विचारलं.

"येता-जाता लोकं बघत्यात तिथनं. पातळ दिसलं तर तुला हसतील. आन उगवलं न्हाई तर तू हरशील."

"मग तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"पैज लावली तवा वाटलं हुतं तसं," अण्णा म्हणाले. "पेरताना न्हाई वाटलं."

ती उभी राहिली. तिला इतकं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "म्हणजे माझ्या एकरातसुद्धा तुम्ही माझं ऐकलं नाहीत. एक एकर होतं, अण्णा. एकच."

"न्हाई ऐकलं," ते म्हणाले. "वादळात त्यो पट्टा सगळा आडवा झाला. माझं रानबी निम्मं झोपलं. तू सांगितलं तेवढं उभं ऱ्हायलं. गप बसलो असतो तर तुला कळलंबी नसतं. पन गप बसवंना." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खाली फटाक्यांची एक माळ वाजून संपली.

मग त्यांनी पिशवीतून कापडात बांधलेली एक पुरचुंडी काढली. यंदाचं बी. ती फरशीवर मध्यभागी ठेवली आणि घसा खाकरला.

"पुढच्या साली सगळ्या रानात एकरी किती टाकायचं?"

त्यांचे असले प्रश्न आजवर माझ्याकडेच येत होते. त्या सवयीनं मी लगेच सरसावून बसलो आणि तोंड उघडलं.

"तुमी थांबा जरा, पाव्हणं," अण्णा म्हणाले. "मी हिला इचारलंय."

मी थांबलो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी गप्प बसलो नव्हतो. बायकोनं खाली बसून पुरचुंडीची गाठ सोडली, चार दाणे तळहातावर घेऊन उजेडात धरले आणि पुन्हा गाठ मारली.

"बी ठेवून जा," ती म्हणाली. "मे महिन्यात तपासते, मग सांगते."

"बरं," अण्णा म्हणाले. "तू सांगशील तवर ट्रॅक्टरवाल्याला काय बी बोलत न्हाई."